अठराची रिंग

पॅकहाउसमध्ये माझ्या गळ्यात दोरीला एक रिंग असते,
अठरा मिलिमीटरची.
मणी तिच्यातून सुटला की तो युरोपला जात नाही.
दिवसाचे शेकडो घड मी नुसत्या नजरेनं निवडते,
रिंग काढायची ती भांडण झालं तरच.

शब्दांना अशी रिंग नसते
हे मोहाडीच्या पत्र्याखाली नाही कळलं,
सातपूरला कळलं,
मंगळवार-शुक्रवार, सात ते साडेआठ,
फरसाणच्या दुकानावरच्या खोलीत,
निरगुडे बाईंच्या क्लासला.
खालून ताज्या शेवेचा वास येतो
आणि बाई म्हणतात, हंग्री लिहा गं, अँग्री नको.

त्याचं असं झालं,
रॉटरडॅमच्या साहेबाला मी मेल केला:
वुई आर व्हेरी सेन्सिबल अबाउट क्वालिटी.
म्हणायचं होतं, आम्ही फार जपतो,
मण्यावरचं पांढरं पीठसुद्धा पुसू देत नाही.
पोचलं असं, की आम्ही फार शहाणे.
त्याचं एका ओळीत उत्तर आलं,
आय ॲम शुअर यू आर.
सुपरवायझर सोमवंशी मग आठवडाभर
'या सेन्सिबल' म्हणून हाक मारायचा.

बाईंनी फळ्यावर दोन खण पाडले.
सेन्सिबल, शहाणा.
सेन्सिटिव्ह, हळवा.
मागच्या बाकावरून अंबडचा फिटर वाल्मीक पगारे म्हणाला,
बाई, आमच्या शॉपमध्ये कुणाला शहाणा म्हटलं तर
पान्याला पाना भिडतो.
बाई हसल्या. शब्द मात्र पुसला नाही.

बोअर्ड आणि बोअरिंगमध्ये तर चुकायचं कारणच नव्हतं.
कंटाळलेला आणि कंटाळवाणा
आपल्याकडे एकाच घरात राहतात
आणि एकमेकांचे कपडे घालत नाहीत.
तरी पगारेनं लिहिलं, आय ॲम बोअरिंग इन नाइट शिफ्ट.
बाईंनी लाल पेन उचललं तसा म्हणाला,
राहू द्या बाई, तेपण खरंय.

सासू इकॉनॉमिकल, तिचं कारण इकॉनॉमिक.
हे वाक्य माझं स्वतःचं.
बाईंनी त्याखाली बरोबरची खूण केली, तारीख घातली,
आणि सासूला वाचून दाखवू नको म्हणाल्या.

काल चाचणी होती. पेपर बाईंच्याच अक्षरात,
झेरॉक्सला कडा काळ्या झालेल्या.
प्रश्न बारावा, योग्य विशेषण निवडा:
शी लिव्हज टिंबटिंब, बट शी इज नॉट टिंबटिंब.
अलोन, लोनली.

उत्तर येत होतं.
एकटी आणि एकाकी, आपल्यातही दोन आहेत,
फक्त एकाकीच्या पोटात एक 'का' आहे.

पण बाकीची वाक्यं पुस्तकातली होती,
द कॅट, द किंग, जॉन्स अंकल,
आणि हे एकच कुठल्या पुस्तकातलं वाटेना.
मी वर पाहिलं.
बाई खिडकीशी उभ्या, डब्याचं झाकण घट्ट करत,
एका पोळीचा डबा, आम्ही सगळ्यांनी पाहिलेला.
साडेआठला त्या प्रत्येकीला विचारतात बस मिळेल ना,
मिळेल म्हटलं तरी पुन्हा विचारतात.

पहिल्या जागी अलोन लिहिलं, दुसऱ्या जागी लोनली.
बरोबर आहे ते. एक मार्क.
पण मणी काही रिंगमधून सुटेना
आणि अडकूनही राहीना,
नुसता गोल फिरत राहिला.

खाली आले. सिटीलिंकला अकरा मिनिटं होती.
वर खोलीत ट्यूबलाइट तशीच.
मी परत जिना चढले,
छत्री राहिली म्हणाले.

मार्चमध्ये कसली छत्री,
बाईंनी विचारलं नाही.